पगारी वाईटपणा

निफाड तालुक्यातल्या सायखेड्यात तीन विषयांवर मत नसलेला माणूस सापडणं अवघड आहे. पहिला विषय, गंगापूर धरणातून पाणी किती सुटलं. दुसरा, कांद्याला भाव काय लागला. तिसरा, कोच ठेवायचा की काढायचा. तिन्ही विषयांत निर्णय घेणारा माणूस सायखेड्यात राहत नाही, त्याचा परिणाम मात्र इथे येऊन धडकतो. त्र्यंबकच्या डोंगरात धो धो पाऊस पडतो, धरण भरतं, नाशकात दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागतं, मग छातीला लागतं, आणि काही तासांत चांदोरी-सायखेड्याच्या पुलाला पाणवेली येऊन अडकतात. आता राग कोणावर काढायचा? गोदावरीला इकडे गंगा म्हणतात, तिला बोलणं बरं दिसत नाही. ढग लांब असतो आणि ऐकत नाही. मग उरतो दरवाजे उघडणारा साहेब. ‘आधीपासून थोडं थोडं सोडायला काय झालं होतं?’ हा प्रश्न त्याला दरवर्षी विचारला जातो. त्याने आधीपासून थोडं थोडं सोडलं आणि पुढे पावसाने दडी मारली, तर ‘पाणी वाया कोणी घालवलं?’ हा दुसरा प्रश्न तयारच असतो. पाऊस कितीही पडो, चूक साहेबाचीच. राग काढायला माणूस लागतो आणि तो परका असला की फार सोयीचं जातं. पाटबंधारे खात्यात त्याला अभियंता म्हणतात, क्रिकेटमध्ये कोच.

या तिसऱ्या विषयाचं अलीकडचं सर्वात रसाळ प्रकरण म्हणजे चेन्नई सुपर किंग्ज आणि त्यांचा कोच स्टीफन फ्लेमिंग. निफाड तालुक्याने चेन्नईची काळजी का वाहावी, असं परक्याला वाटेल. पण महेंद्रसिंग धोनी हा कुठल्याच गावाला परका नाही, आणि ऋतुराज गायकवाड तर पुण्याचा. फ्लेमिंग २००८ मध्ये त्या संघाकडून खेळला आणि २००९ पासून त्याचा कोच झाला. २०१०, २०११, २०१८, २०२१ आणि २०२३ अशी पाच विजेतेपदं त्याच्या हाताखाली आली. चेन्नईवर बंदी होती ती दोन वर्षं गडी पुण्याच्या संघाचा कोच होऊन आला, म्हणजे तसा तो आपल्याकडचाही. मग उजाडला २०२५ चा मोसम. चौदा सामन्यांत चार विजय, दहा संघांत दहावा नंबर. धोनी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा. २८ मार्चला चेपॉकवर बंगळुरूविरुद्ध धावांचा डोंगर समोर असताना तो नवव्या क्रमांकावर, अश्विनच्याही मागून, फलंदाजीला आला आणि संघ ५० धावांनी हरला. पुढच्या सामन्यानंतर फ्लेमिंगने कारण सांगितलं: धोनीचे गुडघे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, दहा-दहा षटकं पळापळ करत फलंदाजी करणं त्याला जमणारं नाही. उत्तर सरळ होतं, प्रामाणिक होतं, आणि कोणाच्याही घरातल्या वडीलधाऱ्याकडे पाहून पटण्यासारखं होतं. त्यावर पारावर निघालेला निष्कर्ष असा: फ्लेमिंगला काढा. गुडघे धोनीचे, राजीनामा फ्लेमिंगचा.

हा निष्कर्ष वेडगळ वाटतो, पण तो आपल्या रीतीला धरून आहे. मराठी घरात नको ती गोष्ट तोंडावर सांगायची पद्धत नाही. स्थळ नाकारायचं असलं तर ‘मुलगा आवडला नाही’ असं कोणी म्हणत नाही, ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणतात. शनी-मंगळाला त्याचं काही वाटत नाही आणि पाहुण्यांचा चहा गोड होतो. वाटणीची वेळ आली की भाऊ भावाशी बोलत नाही, मामाला बोलावणं जातं. मामा येतो, बांध ठरवून देतो, आणि पुढची वीस वर्षं दोन्ही भाऊ एका गोष्टीवर एकमत ठेवून असतात, की मामाने वाटोळं केलं. या कामाला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे: वाईटपणा घेणं. कोणीतरी वाईटपणा घ्यावा लागतो, म्हणजे बाकीच्यांना चांगलं राहता येतं. तर म्हणणं एवढंच आहे, की वय झालेल्या संघाच्या कोचचं काय करायचं हा वाद मुळात कोचबद्दल नसतोच. ज्याला ‘आता पुरे’ म्हणायला आपली जीभ रेटत नाही, त्याच्याऐवजी ते दुसऱ्या कोणाला तरी म्हणून मोकळं होण्याची ती सोय आहे. कोच म्हणजे ठरावीक पगारावर वाईटपणा घ्यायला ठेवलेला मामा. आणि हे पारावर टाळी मिळवण्यापुरतं नाही, तपासून बघता येतं. ते खरं असेल तर कोच नसताना हा राग दुसऱ्या कोणावर तरी जायला हवा. तेच म्हातारे होणारे खेळाडू कोच बदलूनही कधी जिंकायला आणि कधी हरायला हवेत. आणि म्हाताऱ्यांना ठेवलं म्हणूनही कोचला शिव्या, काढलं म्हणूनही त्यालाच शिव्या, असं दिसायला हवं. एकेक बघू.

कोच नव्हता तेव्हाचा पुरावा अजित वाडेकरांचा. १९७१ साली त्यांच्या कप्तानीत भारताने आधी वेस्ट इंडीजला वेस्ट इंडीजमध्ये आणि मग इंग्लंडला इंग्लंडमध्ये हरवलं. इंदुरात त्या विजयाच्या आठवणीत काँक्रिटची भलीमोठी बॅट उभी राहिली. तीन वर्षांनी, १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात, तोच कप्तान घेऊन गेलेला संघ ०-३ असा हरला आणि लॉर्ड्सवर दुसऱ्या डावात ४२ धावांत गुंडाळला गेला. मग काय झालं? वाडेकरांच्या घरावर दगड पडले, इंदूरची बॅट विद्रूप करण्यात आली, आणि पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळल्यावर वाडेकरांनी खेळणंच सोडलं. त्या बेचाळीस धावांत नऊ जण बाद झाले, हा हिशेब कोणी मांडला नाही. ज्या फिरकीपटूंनी १९७१ घडवलं ते इंग्लंडच्या थंडीत चालले नाहीत, हेही कोणी म्हणालं नाही. दगड एका घरावर पडले, कारण दगड अकरा घरांत वाटणं कष्टाचं काम आहे. पुढे १९९२ मध्ये वाडेकर भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले, म्हणजे पूर्वी दगड खाल्लेल्या माणसाचा अनुभव योग्य जागी वापरला गेला असं म्हणता येईल. तात्पर्य, कोच ही जागा अलीकडची आहे. वाईटपणाची जागा पूर्वीपासून होती, नुसती पाटी बदलली.

दुसरा पुरावा २००७ सालचा. एकाच वर्षात एकाच संघावर तीन वेगळे कोच वापरून बघायची संधी आपल्याला मिळाली. शेतीच्या प्रयोगात याला एकाच वावरात तीन वाण लावणं म्हणतात. पहिला वाण परदेशी: ग्रेग चॅपेल. २००५ मध्ये आला आणि काही महिन्यांत त्याने सौरव गांगुलीबद्दल क्रिकेट मंडळाला पाठवलेला ई-मेल जगजाहीर झाला. वाईटपणा घेण्याची त्याला इतकी हौस होती, की तो फुकटही घेत होता. मार्च २००७ च्या विश्वचषकात भारत बांगलादेशकडून हरला, श्रीलंकेकडून हरला आणि पहिल्याच फेरीत घरी आला. एप्रिलमध्ये चॅपेल गेला. त्याच्या जागी ग्रॅहम फोर्डला बोलावणं गेलं तर तो नको म्हणाला. कोचच मिळेना. तेव्हा दुसरा वाण म्हणून इंग्लंड दौऱ्यासाठी मंडळाने पुण्याच्या चंदू बोर्ड्यांना व्यवस्थापक म्हणून पाठवलं. बोर्ड्यांचा जन्म २१ जुलै १९३४ चा. पहिली कसोटी लॉर्ड्सवर चालू असताना ते त्र्याहत्तर वर्षांचे झाले. संघ कसा होता? गांगुली पस्तिशीचा, सचिन आणि द्रविड चौतिशीचे, कुंबळे छत्तिशीचा आणि लक्ष्मण बत्तीस वर्षांचा ‘तरुण’. म्हणजे म्हाताऱ्या संघाला त्याहून म्हातारा कोच. पारावरच्या कुठल्याही तज्ज्ञाने सांगितलं असतं की ही यात्रा चारधामला जावी, इंग्लंडला नको. या संघाने कसोटी मालिका १-० अशी जिंकली. इंग्लंडमधला असा विजय १९८६ नंतर पहिलाच होता. ओव्हलवर कुंबळेने कारकिर्दीतलं एकमेव कसोटी शतक ठोकलं. ट्रेंट ब्रिजवर कोणीतरी क्रीजवर जेलीच्या गोळ्या टाकून ठेवल्या आणि शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचं डोकं फिरलं; त्या सामन्यात त्याने नऊ बळी घेतले. कोचला दोन वर्षांत जे जमलं नाही ते मूठभर गोळ्यांनी केलं. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं, की त्यानंतरची एकदिवसीय मालिका हाच संघ ३-४ असा हरला.

तिसरा वाण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये: सचिन, द्रविड आणि गांगुली स्वतःहून बाजूला राहिले, पोरांना घेऊन धोनी दक्षिण आफ्रिकेला गेला, सोबत व्यवस्थापक म्हणून मुंबईचे लालचंद राजपूत. पहिला टी-२० विश्वचषक भारताने पाकिस्तानला पाच धावांनी हरवून जिंकला. आता या तीन वाणांवरून काय सिद्ध होतं? कडक परदेशी कोच आणि थोरले खेळाडू, हार. मवाळ म्हातारा व्यवस्थापक आणि तेच थोरले खेळाडू, कसोटीत विजय. शांत देशी व्यवस्थापक आणि पोरं, विश्वचषक. ज्याला ‘कडक कोच हवा’ म्हणायचं आहे त्याने पहिला वाण लपवावा, ज्याला ‘अनुभव हवा’ म्हणायचं आहे त्याने तिसरा, आणि ज्याला ‘नवं रक्त हवं’ म्हणायचं आहे त्याने दुसरा. पारावर गेली कित्येक वर्षं नेमकं हेच चाललं आहे. या वर्षातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे: टी-२० साठी थोरल्यांना कोणी थांबवलं नाही, ते आपणहून थांबले. वाईटपणा घ्यायची वेळच आली नाही, म्हणून राजपुतांचं नाव आज कोणाला चटकन आठवत नाही. ज्या कोचचं नाव गावाला पाठ आहे, तो बहुधा भांडणातला असतो.

तिसरी कसोटी गौतम गंभीरने दिली. जुलै २०२४ मध्ये तो भारताचा कोच झाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात न्यूझीलंडने आपल्याला आपल्याच अंगणात ३-० ने हरवलं. बंगळुरूला आपला डाव ४६ धावांत आटोपला, मग पुणं गेलं, मग वानखेडे गेलं. मायदेशातली अठरा मालिकांची विजयी रांग बारा वर्षांनी तुटली. पारावरचा निकाल: थकलेल्या खेळाडूंना हा माणूस हलवत नाही, याला काढा. पाठोपाठ ऑस्ट्रेलियात १-३ झालं. डिसेंबरात अश्विन थांबला, पुढच्या मेमध्ये आधी रोहित शर्मा आणि पाच दिवसांनी विराट कोहली कसोटीतून निवृत्त झाले. म्हणजे लोकांनी मागितलं होतं ते साधारण सहा महिन्यांत पदरात पडलं. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिका आली. कोलकात्यात १२४ धावा करायच्या होत्या, आपण ९३ वर संपलो. गुवाहाटीत ४०८ धावांनी हरलो. पारावरचा निकाल: अनुभवी खेळाडूंना याने घालवलं, याला काढा. कलम बदललं, शिक्षा तीच. ठेवले म्हणून दोषी, गेले म्हणूनही दोषी. गंभीर निर्दोष आहे असं यातून ठरत नाही. कोलकात्याची खेळपट्टी काही ढगातून पडली नव्हती. पण दोन उलट्या आरोपांना एकच शिक्षा सुनावणारं न्यायालय आरोपीबद्दल फार काही सांगत नाही, न्यायाधीशाबद्दल सांगतं.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे, आणि तो मुंबईच्या एका माणसाच्या नावाने येतो: चंद्रकांत पंडित. कोचमुळे फरक पडत नसेल तर पंडित जिथे जातात तिथे रणजी करंडक कसा येतो? मुंबईला त्यांनी तीनदा जिंकून दिला, शेवटचा २०१५-१६ मध्ये, मुंबईचा एक्केचाळिसावा. पुढच्या वर्षी संघ अंतिम फेरीत गुजरातकडून हरला आणि पंडित गेले. चाळीसवर करंडक असलेल्या घरात उपविजेता म्हणजे नापास. मग ते विदर्भात गेले. १ जानेवारी २०१८ ला विदर्भाने इतिहासातला पहिला रणजी करंडक जिंकला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. त्या दुसऱ्या मोसमात चाळिशीच्या वसीम जाफरने १०३७ धावा केल्या. वयाचा मुद्दा काढणाऱ्यांनी हा आकडा वहीत लिहून ठेवावा. जून २०२२ मध्ये पंडितांच्या मध्य प्रदेशाने अंतिम सामन्यात हरवलं ते नेमकं मुंबईला. तेव्हा फरक पडतो, हे मान्य. पण हेच पंडित तीच शिस्त घेऊन कोलकात्याच्या आयपीएल संघात गेले. २०२४ मध्ये संघ जिंकला तेव्हा श्रेय मार्गदर्शक म्हणून बसलेल्या गंभीरला मिळालं. २०२५ मध्ये आठवा आला तेव्हा निरोप पंडितांना मिळाला. माणूस तोच, पद्धत तीच. बदललं होतं ते घर. विदर्भाच्या खेळाडूंच्या तसबिरी कोणाच्या दिवाणखान्यात लागलेल्या नव्हत्या, त्यामुळे पंडित बोलले तर ऐकायला फक्त खेळाडू होते. आयपीएलमध्ये कोच खेळाडूला बोलतो तेव्हा मध्ये मालक असतो, जाहिरातदार असतो आणि कोट्यवधी भाविक असतात. मूर्ती लहान असते तिथे कोच शिल्पकार ठरतो. ती गाभाऱ्यात बसली, की त्याच्या हातात उरते ती पूजेची थाळी.

दुसरा आक्षेप भावनिक आहे, म्हणून जास्त आवाजात येतो: म्हातारेच तर जिंकून देतात! त्यातही तथ्य आहे. २०१८ मध्ये बंदी संपवून परतलेल्या चेन्नईला लोक बापलोकांची फौज म्हणून हसत होते. धोनी छत्तीस, वॉटसन छत्तीस, हरभजन सदतीस, इम्रान ताहिर एकोणचाळीस. फौजेने करंडक उचलला. अंतिम सामन्यात वॉटसनने नाबाद ११७ केल्या. याचं उत्तर क्रिकेटमध्ये शोधायची गरज नाही, कांद्याच्या चाळीत आहे. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलात निघतो आणि भाव नसेल तर चाळीत जातो. एखाद्या वर्षी ऑक्टोबरपर्यंत थांबलेल्याला असा भाव मिळतो, की त्या वर्षाची गोष्ट पुढे दहा वर्षं सांगितली जाते. बाकीच्या वर्षी वरून लालबुंद दिसणारी चाळ उघडली की खालून वास येतो, वजन घटलेलं असतं आणि उरलेल्याला कोंब फुटलेले असतात. त्या वर्षांची गोष्ट कोणी सांगत नाही. चेन्नईचं २०१८ हे भाव सापडलेलं वर्ष होतं. तीच चाळ २०२० मध्ये उघडली तेव्हा संघ पहिल्यांदाच बाद फेरीबाहेर राहिला, आठात सातवा. त्या मोसमात पोरांना संधी का देत नाही असं विचारल्यावर धोनी म्हणाला होता, की पोरांमध्ये तेवढी ठिणगी दिसली नाही. मग सगळं हातचं गेल्यावर ऋतुराजला सलग खेळवलं आणि त्याने ओळीने तीन अर्धशतकं मारली. पुढच्या वर्षी ऋतुराजच्या ६३५ धावा सर्वाधिक ठरल्या, त्याच्याच जोडीला आलेल्या सदतीस वर्षांच्या डुप्लेसीच्या त्याहून फक्त दोन कमी, आणि करंडक पुन्हा घरी. म्हणजे जुना माल फेकून द्या असं कोणी म्हणत नाही. चाळ मधून मधून उघडून, निवडून, हलवून बघायला हवी, एवढंच. आणि चाळ उघडणाऱ्यालाच आधी वास येतो, म्हणून वास त्यानेच आणला असं मानू नये.

हा सगळा खटाटोप आपल्यापुरता आहे असंही नाही. अमेरिकेत बास्केटबॉलच्या पारावर हेच चालतं. आपल्याकडे शाळेच्या मैदानावरचा बास्केटबॉलचा खांब सव्वीस जानेवारीला पताका बांधण्यापुरता कामाला येतो, तिकडे त्या खांबावर लोकांचं वर्षभराचं सुखदुःख टांगलेलं असतं. हा खेळ १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने शोधून काढला. तोच पुढे कॅन्सस विद्यापीठाचा पहिला कोच झाला, आणि त्या विद्यापीठाच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला कोच आजवर एकच आहे: नेस्मिथ. ५५ विजय, ६० पराभव. खेळ ज्याने जन्माला घातला त्यालाही, त्याच्या काळी चावडी असती, तर ‘याला बास्केटबॉल कळतो का?’ असं विचारलं गेलं असतं. अलीकडे गोल्डन स्टेटच्या स्टीव्ह करला चार विजेतेपदं मिळवूनही, १९८८ साली जन्मलेल्या स्टीफन करीच्या वाढत्या वयासोबत त्याच प्रश्नांना तोंड द्यावं लागलं. पण आपल्या कामाची गोष्ट सॅन अँटोनियोच्या ग्रेग पोपोविचची आहे. त्याच्या संघाचा आधारस्तंभ होता टिम डंकन. मार्च २०१२ च्या एका सामन्यात पोपोविचने पस्तिशीच्या डंकनला विश्रांती दिली. न खेळलेल्या खेळाडूपुढे अधिकृत नोंदीत कारण लिहावं लागतं. दुखापत, आजारपण वगैरे. डंकनपुढे कारण छापून आलं: म्हातारा. ना पत्रिका, ना मामा, ना गुडघ्याची वैद्यकीय चर्चा. खेळाडू हसला, गाव हसलं, आणि दोन वर्षांनी, अडतीस वर्षांचा डंकन आणि छत्तीस वर्षांचा जिनोबिली यांना घेऊन त्याच कोचने विजेतेपद जिंकलं. वेळेवर म्हातारा म्हटल्यामुळे तो वेळेआधी म्हातारा झाला नाही.

तिसरा आक्षेप रोखठोक आहे: एवढे कोटी घेतो, मग खावीत शिव्या! हा आक्षेप खोडून काढायचं कारण नाही, कारण तो आपल्याच बाजूने बोलतो. पैसे शिव्यांचे आहेत हे त्यात कबूलच केलं आहे. प्रश्न फक्त शिव्यांच्या वेळेचा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये महिलांच्या विश्वचषकात भारत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून लागोपाठ हरला. इंग्लंडविरुद्ध इंदूरला अवघ्या चार धावांनी. कोच होते मुंबईचे अमोल मुजुमदार. अकरा हजारांवर प्रथम श्रेणी धावा करूनही भारताची टोपी न मिळालेला, आणि शालेय सामन्यात सचिन-कांबळीची ६६४ धावांची भागीदारी पॅड बांधून बसल्या बसल्या पाहिलेला हा माणूस. वाट बघण्यात त्यांच्याइतका अनुभवी कोच सापडणार नाही. त्या आठवड्यात हरमनप्रीत कौरच्या छत्तिशीची आणि कोचच्या पात्रतेची चर्चा एकाच दमात होत होती. दहा-बारा दिवसांत जेमिमाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केल्या, आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून तीच छत्तीस वर्षांची कप्तान करंडक घेऊन उभी होती. कोच तोच, कप्तान तीच, आधीचे तीन पराभवही नोंदीत तसेच. मतं मात्र सगळ्यांची नवी कोरी. पुराचं पाणी ओसरल्यावर दरवाजे उघडणाऱ्या साहेबाचं नाव जसं कोणाच्या लक्षात राहत नाही, तसं.

मग हा वाद बंद करावा का? मुळीच नाही; गावाने बोलायचं कशावर? पण पारावर कोण काय बोलतं याकडे जरा लक्ष दिलं तर वादाचं खरं रूप दिसतं. ‘फ्लेमिंगला काढा’ म्हणणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या पुढचे असतात. धोनी त्यांच्या वयाचा आहे, किंवा ते त्याच्या वयाचे आहेत, आणि त्याचे गुडघे गेले हे मान्य करणं म्हणजे पायरी चढताना आपला हात आपोआप भिंतीकडे जातो हे मान्य करणं. ‘धोनीने आता थांबावं’ असं म्हणणारे वीस-बावीसचे. चेन्नईच्या घसरलेल्या मोसमात विरारचा सतरा वर्षांचा आयुष म्हात्रे येऊन बंगळुरूविरुद्ध ९४ धावा ठोकतो, तेव्हा सर्वात मोठी आरोळी त्यांची असते. ही दोन टोळकी क्रिकेटवर भांडत आहेत असं समजणाऱ्याने सातबारा उघडून बघावा. द्राक्षबागेत गोडी छाटणी कधी धरायची, जुना बाग काढून नवीन कलमं कधी लावायची, कांदा आज विकायचा की दिवाळीनंतर, हे सगळे निर्णय ज्यांच्या हातात आहेत ते एका बाजूला. आणि त्या निर्णयांप्रमाणे पहाटे फवारणीला जाणारे दुसऱ्या बाजूला. घरात ‘आबा, आता व्यवहार माझ्याकडे द्या’ म्हणायला कोणाची छाती होत नाही, आणि ‘घे बाबा, सांभाळ’ म्हणायला कोणाचं मन होत नाही. घरासाठी न्यूझीलंडहून कोच मागवायची सोय नाही. तेव्हा ते सगळं फ्लेमिंगला बोलून घ्यायचं, गंभीरला बोलून घ्यायचं. दोघांनाही मराठी येत नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

तेवढ्यात लिलावाची वेळ होते आणि पार रिकामा होतो. कांद्याने भरलेला ट्रॅक्टर उपबाजाराकडे निघतो. चालवतो धाकटा, मडगार्डवर बसतो थोरला. वाटेत आयुष म्हात्रेचा विषय पुन्हा निघतो आणि थोरला म्हणतो, पोरगा चांगला आहे, पण अजून शिकायचाय. धाकटा काही बोलत नाही, गिअर बदलतो. संध्याकाळी हिशोबपट्टी थोरल्याच्या नावाने निघते.